झाडांचा दिवा जांभळा का झाला?

कुठल्याही शॉपिंग साइटवर 'ग्रो लाइट' टाकून बघा. निम्मे फोटो जांभळट-गुलाबी निघतील. बंद खोली, रॅकवर लेट्यूसच्या रांगा आणि सगळीकडे वरातीतल्या डीजेसारखा उजेड. खाली लिहिलेलं असतं: झाडांना फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा ती परत फेकतात, म्हणून तर पानं हिरवी दिसतात. हे वाक्य तुम्ही बारावीत ऐकलंय, एमएस्सीच्या सेमिनारमध्ये ऐकलंय, आणि सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत कुठलाही संदर्भ न देता बिनधास्त उतरवलेलंही मी पाहिलंय.

वाक्य पूर्ण खोटं नाही. पण ते कुठून आलं हे शोधत मागे गेलात तर गंमत कळते. 'लाल आणि निळा पुरे' हे झाडांनी ठरवलेलं नाही. माझं मत विचाराल तर त्यात मोठा वाटा 1980च्या दशकाच्या शेवटी कोणता एलईडी तयार मिळत होता, याचा आहे. तुमच्यापैकी कोणी ना कोणी 'एलईडी प्रकाशाचा अमुक पिकाच्या वाढीवर परिणाम' असा विषय घेणारच आहे (दरवर्षी एकदोन जण घेतातच), म्हणून दिवा विकत घेण्याआधी हा इतिहास वाचून ठेवा.

सीमेन्सच्या कुंड्या

विजेच्या दिव्याखाली झाडं वाढवायची कल्पना एलईडीपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनी आहे. जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला इंजिनिअर विल्यम सीमेन्स याने 1880 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. दिवा होता आर्कचा, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा.

त्याच्या निष्कर्षांपेक्षा मला त्याची मांडणी जास्त आवडते. त्याने कुंड्यांचे चार गट केले. एक पूर्ण अंधारात, एक फक्त विजेच्या उजेडात, एक फक्त दिवसाच्या उजेडात, आणि चौथा दिवसा सूर्य व रात्री वीज असा. चौथा गट सगळ्यात जोमदार आला. संख्याशास्त्राची आजची साधनं हाताशी नसताना त्या माणसाला अंधाराचा गटही ठेवावासा वाटला, हे लक्षात घ्या. आज छापून येणाऱ्या काही पेपरांत 'कंट्रोल' म्हणजे 'लॅबच्या खिडकीत ठेवलेली कुंडी' असते.

पुढच्या दशकात अमेरिकेत कॉर्नेलला लिबर्टी हाइड बेली याने ग्रीनहाउसमध्ये आर्क दिवे टांगले. त्याच्या लक्षात आलं की उघड्या दिव्याजवळची झाडं आखडतात, पानांना इजा होते. पण दिव्याभोवती काचेचा गोळा लावला की इजा बरीच कमी होते. काच अतिनील किरण अडवते. म्हणजे 'विजेचा उजेड झाडांना वाईट' असा निष्कर्ष काढणं सोपं होतं, पण दोष विजेचा नव्हता, त्या उजेडातल्या एका पट्ट्याचा होता. 'दिवा' असं आपण एका शब्दात म्हणतो तेव्हा त्यात तीव्रता, रंग, उष्णता, अतिनील असं बरंच काही एकत्र बांधलेलं असतं. पुढची सगळी कहाणी ही गाठोडी सोडवण्याची आहे.

अ‍ॅसिटोनमधलं हरितद्रव्य आणि पानातलं हरितद्रव्य

लाल-निळ्याची मूळ कल्पना कुठली, हे तुम्हाला माहीत असेल. 1882 साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या धाग्यावर प्रिझममधून फुटलेला वर्णपट पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणू लाल आणि निळ्या पट्ट्यांजवळ गोळा झाले, मधे हिरव्यात तुरळक राहिले. प्रयोग इतका देखणा आहे की जीवशास्त्राच्या पुस्तकांतून तो कधी हटलाच नाही. हटायची गरजही नाही.

घोळ झाला तो दुसऱ्या आलेखामुळे. एमएस्सीचं प्रॅक्टिकल आठवा. पालक खलात कुटायचा, 80 टक्के अ‍ॅसिटोन घालायचं, गाळायचं, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 645 आणि 663 नॅनोमीटरला वाचन घ्यायचं. ही 1949 सालची आर्नन पद्धत. या द्रावणाचा पूर्ण वर्णपट काढला तर निळ्यात एक उंच शिखर, लालमध्ये दुसरं, आणि मधे हिरव्यात जवळजवळ सपाट दरी मिळते. ग्रो लाइटच्या खोक्यांवर छापलेला आलेख हाच.

पण अ‍ॅसिटोनमधलं हरितद्रव्य म्हणजे पान नव्हे. पानात प्रकाश सरळ आरपार जात नाही. पेशींच्या भिंती, मधल्या हवेच्या पोकळ्या यांवर आपटत तो आत फिरत राहतो. लाल आणि निळा पहिल्याच थरात बहुतांश शोषला जातो. हिरवा एका फेरीत कमी शोषला जातो खरा, पण तो आत फिरत असल्यामुळे त्याला हरितद्रव्याची गाठ पुन्हा पुन्हा पडते. शेवटी हिशेब असा निघतो की 550 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश लेट्यूससारख्या पातळ पानातही 50 टक्क्यांच्या आसपास शोषला जातो, आणि सदाहरित झाडांच्या जाड पानांत 90 टक्क्यांपर्यंत. पान हिरवं दिसतं ते उरलेल्या थोड्या प्रकाशामुळे, आणि आपला डोळा हिरव्याला जास्तच संवेदनशील असल्यामुळे.

हे कोणी मोजलंच नव्हतं असंही नाही. टेक्सासमध्ये काम करणाऱ्या कीथ मॅक्री यांनी 22 पिकांची पानं घेऊन 350 ते 750 नॅनोमीटरपर्यंत, एका वेळी एकेक अरुंद पट्टा टाकत, पान किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजलं. पेपर आला 1972 मध्ये. त्यांच्या आलेखातही 440 आणि 620च्या आसपास दोन शिखरं आहेत आणि मधे खड्डा आहे, पण तो उथळ आहे, दरी नाही. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटर ही व्याख्या पक्की झाली ती याच कामाच्या आधारावर. तुम्ही पेपरमध्ये 'पीएआर' लिहिता, त्यामागे हे 22 पिकांचे तुकडे आहेत.

म्हणजे 1972 सालीच हिरव्याची बाजू कागदावर आलेली होती. तरी वीसेक वर्षांनी दिवे लाल-निळेच का झाले? त्यासाठी वनस्पतीशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्सकडे जावं लागतं.

आधी लाल आला

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा पहिला उपयोगी एलईडी 1962 साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी बनवला. तो लाल होता. का, तर ज्या अर्धवाहकांवर हात बसला होता, गॅलियम आर्सेनाइड आणि त्याची भावंडं, त्यांच्यातून सहज निघणारा प्रकाश लाल आणि अवरक्त. कॅल्क्युलेटरचे आकडे, टेपरेकॉर्डरवरचा ठिपका, सगळं लाल. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात 660 नॅनोमीटरच्या आसपासचे चांगले प्रखर लाल एलईडी मिळू लागले. निळा मात्र हट्टी होता. सिलिकॉन कार्बाइडचे निळे एलईडी होते, पण इतके मंद की त्यांच्यावर झाड पोसणं शक्यच नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात नासाच्या मदतीने चालणारं एक केंद्र अवकाशात झाडं वाढवायच्या खटपटीत होतं. अवकाशयानात ट्यूबलाइट नेणं म्हणजे काच आणि पारा नेणं. जास्त दाबाचे सोडियम दिवे म्हणजे भट्टीच. आणि यानात वीज, वजन, उष्णता यांचा एकेक घास मोजलेला असतो. एलईडी छोटा, घन, न फुटणारा, पानाच्या अगदी जवळ ठेवला तरी न भाजणारा. त्यातून 660 नॅनोमीटर म्हणजे हरितद्रव्याच्या लाल शिखराच्या दारातच. जमलं!

1991 मध्ये बुला आणि सहकाऱ्यांचा पेपर 'हॉर्टसायन्स' या नियतकालिकात आला. एलईडीवर झाडं वाढवण्याच्या संशोधनाची सुरुवात बहुतेक जण याच पेपरपासून मोजतात. हा पेपर मिळवून वाचा, तीनच पानांचा आहे. 'ग्रँड रॅपिड्स' जातीचं लेट्यूस, 21 दिवस, एकूण प्रकाश दर चौरस मीटरला दर सेकंदाला 325 मायक्रोमोल. लाल भाग एलईडीचा. आणि निळा? 30 मायक्रोमोल निळा प्रकाश होता, तो आला निळ्या ट्यूबलाइटमधून! एलईडी शेतीच्या पहिल्या पेपरातला निळा रंग एलईडीचा नव्हता, कारण तसा एलईडीच नव्हता.

आणखी एक गोष्ट. वाढ 'समतुल्य' आली असं ते म्हणतात, ती कशाशी? ट्यूबलाइट आणि साध्या बल्बखाली वाढलेल्या लेट्यूसच्या, आधी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या चेंबरशी नाही. पहिल्या पेपरला ही सूट द्यायला माझी हरकत नाही, त्यांना 'होतं की नाही' एवढंच दाखवायचं होतं. पण उद्या तुम्ही त्यावर बोट ठेवून 'बुला यांनी सिद्ध केले की...' लिहाल तेव्हा नेमकं काय सिद्ध केलं ते माहीत असू द्या.

निळा घातलाच कशाला, असा प्रश्न पडला पाहिजे. नुसत्या लाल एलईडीखाली लेट्यूसची रोपं लांबुडकी होत होती. खोडाचा खालचा भाग ताणला जाई, जसं अंधारात ठेवलेल्या मुगाचं होतं. त्याच गटाने 1992 मध्ये दाखवलं की साधारण 15 मायक्रोमोल निळा प्रकाश मिळाला की रोप ताणायचं थांबतं. इथे निळ्याचं काम अन्न बनवण्याचं नाही, निरोप देण्याचं आहे. 'उजेडात आलास, आता ताणू नकोस' हा तो निरोप.

आता दोन्ही तुकडे जोडा. लाल, कारण तोच एलईडी मिळत होता आणि वीज वाचवत होता. निळा, कारण त्याच्याशिवाय रोप नीट उभं राहत नव्हतं, आणि तोही लागेल तेवढाच. अवकाशयानासाठी हे उत्तर चोख आहे. प्रश्नच तसा होता: कमीत कमी किती रंगांत भागेल? पुढे 1993 मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बाजारात आणण्याजोगा केला (यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं), ट्यूबलाइट निघाली, तिच्या जागी निळा एलईडी बसला, आणि जांभळा दिवा तयार झाला. 'भागण्यापुरतं' म्हणून निघालेलं उत्तर पुढे दुकानात 'आदर्श' म्हणून विकलं गेलं. प्रश्न गळाला, उत्तर उरलं.

गहू, बटाटे आणि डोळ्यांचा त्रास

पुढची काही वर्षं भराभर गेली. 1995 मध्ये कोलंबिया यानाच्या एसटीएस-73 मोहिमेत विस्कॉन्सिनच्याच पेटीत बटाट्याच्या पानांच्या छाटांना अवकाशात छोटे बटाटे धरले. 1997 मध्ये केनेडी स्पेस सेंटरच्या गटाने बुटक्या गव्हाला नुसत्या लाल एलईडीखाली बीपासून बीपर्यंत वाढवून दाखवलं. गहू जगला, दाणेही आले. पण 10 टक्के निळा मिळालेला गहू मोठा झाला आणि त्याला दाणे जास्त आले. हा निष्कर्ष वाचताना 'जगला' आणि 'चांगला वाढला' यांतला फरक डोळ्यांआड होऊ देऊ नका.

मग हिरवा परत आला, आणि त्याला निमित्त झालं माणसाचं. जांभळ्या उजेडात तुम्ही कधी तास-दोन तास काम केलंय का? पानं काळपट-राखाडी दिसतात. पिवळेपणा, करपा, मावा काही कळत नाही. फोटो काढला तर सगळं गुलाबी. अवकाशवीराला रोग ओळखायचा असेल तर त्याला पान हिरवं दिसायला हवं. तेव्हा थोडा हिरवा घालून बघू, असा विचार झाला. 2004 मध्ये किम आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसवर चार दिवे लावून पाहिले: हिरवा शून्य टक्के, 24 टक्के, 51 टक्के आणि 86 टक्के. एकूण प्रकाश सारखाच. 24 टक्के हिरव्याखालचं लेट्यूस नुसत्या लाल-निळ्याखालच्या लेट्यूसपेक्षा जास्त भरलं. निम्म्याहून जास्त हिरवा झाला की मात्र वाढ घटली. माणसाच्या सोयीसाठी घातलेला रंग झाडालाही मानवला, तोही ठरावीक मापात.

का मानवला, त्याचं एक चांगलं उत्तर जपानच्या तेराशिमा यांच्या गटाने 2009 मध्ये सूर्यफुलाच्या पानावर दिलं. पानाचे वरचे थर भर उजेडात आधीच तृप्त असतात. त्यांना आणखी लाल दिला तर तो तिथेच शोषला जातो आणि बराचसा उष्णता म्हणून वाया जातो. ताटात वाढलेलं पोट भरल्यावर जात नाही, तसं. हिरवा मात्र वरच्यांना ओलांडून खालच्या उपाशी थरांपर्यंत पोचतो. म्हणून प्रखर पांढऱ्या उजेडात वरून हिरवा वाढवला तर तो लालपेक्षाही जास्त कामाला येतो. मग मॅक्री चुकले होते का? अजिबात नाही. त्यांनी एका वेळी एकच रंग टाकला होता, आणि तोही मंद. त्या परिस्थितीत त्यांचा आलेख बरोबरच आहे. शेतातलं किंवा चेंबरमधलं पान त्या परिस्थितीत नसतं, एवढंच.

निळ्याचं अन्नाच्या बाजूनेही काम आहे हे 2010 साली हॉलंडमधल्या वॅगनिंगेनच्या काकडीच्या प्रयोगात दिसलं. नुसत्या लालमध्ये वाढलेल्या पानांचं प्रकाशसंश्लेषणच बिघडलेलं होतं. 7 टक्के निळा दिल्यावर तो बिघाड टळला, आणि 50 टक्क्यांपर्यंत निळा वाढवत गेल्यावर पानाची क्षमता वाढत गेली. म्हणजे लाल-निळा किती-किती या प्रश्नालाही पीक, वय आणि तीव्रता सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

अन्न वेगळं, निरोप वेगळा

इथे थोडं थांबू, कारण मुलाखतीत हमखास अडकवणारी जागा हीच आहे. झाडाला प्रकाश दोन कामांसाठी लागतो. एक अन्न बनवायला, ज्याला भरपूर प्रकाश लागतो. दुसरं, ऋतू, वेळ आणि शेजारी ओळखायला, ज्याला चिमूटभरही पुरतो.

दुसऱ्या कामाचा इतिहास अमेरिकेच्या कृषी खात्याचा आहे. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरून दाखवलं की फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो. पुढे 1952 मध्ये मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि मंडळींनी लेट्यूसच्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या रुजतात आणि लगेच फार-रेड, म्हणजे 730 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला की रुजत नाहीत, असं दाखवलं. पुन्हा लाल, पुन्हा रुजतात. शेवटचा रंग कोणता त्यावर निकाल. यामागचं रंगद्रव्य, फायटोक्रोम, त्यांनी 1959 मध्ये प्रत्यक्ष पकडलं. आणि लेट्यूसची जात कोणती होती माहितेय? 'ग्रँड रॅपिड्स'. बुला यांच्या 1991 च्या पेपरातली तीच. प्रयोगासाठी जात निवडताना आपण 'बाजारात मिळाली ती' घेतो. जुन्या लोकांनी एकच जात धरून ठेवली म्हणून चाळीस वर्षांच्या अंतरावरचे आकडे एकमेकांशी बोलू शकतात.

आपल्याकडे हा दुसरा उपयोग शेतात दिसतो. सोलापूर-सांगलीकडे काही ड्रॅगनफ्रूटच्या बागांत रात्री ओळीने एलईडी बल्ब पेटलेले असतात. 'बल्बवर फळं पिकवतात' असं लोक म्हणतात, पण तेवढ्या उजेडात अन्न काय बनणार! बल्ब रात्र तोडतात, झाडाला दिवस मोठा झाल्याचा भास होतो आणि हंगाम नसताना कळी येते. पॉलीहाउसमधल्या शेवंतीत तोच बल्ब उलट कामाला, फूल लांबवायला, वापरतात. तुमचा विषय यांपैकी कुठला आहे ते पहिल्या ओळीत ठरवा. दिव्याची तीव्रता, तास, रंग, खर्च सगळं त्यावर बदलतं.

वॅट, लक्स आणि मायक्रोमोल

आता जरा रुक्ष पण पैशाची गोष्ट. प्रकाशसंश्लेषण फोटॉन मोजतं, ऊर्जा नाही. लाल फोटॉन स्वस्त असतो, निळा महाग. 1 ज्यूल ऊर्जेत 660 नॅनोमीटरचे सुमारे 5.5 मायक्रोमोल फोटॉन बसतात, 450 नॅनोमीटरचे जेमतेम 3.8. म्हणून 'लाल 20 वॅट आणि निळा 20 वॅट' अशी तुलना केलीत आणि लाल जिंकला, तर तो रंगाचा परिणाम की दीडपट फोटॉनचा? पेपर तपासणारा पहिला प्रश्न हाच विचारेल.

लक्सचं तर विचारूच नका. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी आहे, त्याचं शिखर 555 नॅनोमीटरला, म्हणजे भर हिरव्यात. जांभळ्या दिव्याखाली लक्समीटर धरलात तर आकडा केविलवाणा येतो आणि झाड मात्र मजेत असतं. सूर्यप्रकाशात 54 लक्स म्हणजे 1 मायक्रोमोल हे गुणोत्तर चालतं, एलईडीला ते लावता येत नाही, कारण प्रत्येक एलईडीचा वर्णपट वेगळा. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपचे आकडे प्रबंधात घालायचा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाका. विभागात क्वांटम सेन्सर नसेल तर शेजारच्या कृषी विद्यापीठाला किंवा संस्थेला विनंतीपत्र द्या. बहुतेक वेळा अर्ध्या दिवसासाठी देतात.

आमच्याकडे एका पुरवठादाराचं कोटेशन आलं होतं, त्यावर ठळक '1000 वॅट' आणि खाली बारीक अक्षरात 'प्रत्यक्ष वापर 110 वॅट'. मायक्रोमोलचा पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, सगळे हेच घेतात.'

एलईडी म्हणजे वीज वाचलीच, हेही सरसकट खरं नव्हतं. 2014 मध्ये यूटा स्टेट विद्यापीठाच्या नेल्सन आणि बग्बी यांनी ग्रीनहाउसचे दिवे मोजले, तेव्हा उत्तमातला उत्तम सोडियम दिवा आणि उत्तमातला उत्तम एलईडी, दोघेही दर ज्यूलला 1.7 मायक्रोमोलच्या आसपास. आणि तेवढेच फोटॉन मिळवायला एलईडीची सुरुवातीची किंमत पाच ते दहापट. त्यानंतर एलईडी झपाट्याने पुढे निघून गेला. म्हणून तो पेपर आज 'एलईडी परवडत नाही' म्हणून उद्धृत करणं जितकं चूक, तितकंच 2014 पूर्वीचा पेपर 'एलईडीने वीज वाचते' म्हणून उद्धृत करणं चूक.

किंमत पडली ती शेतीमुळे नाही, घरातल्या बल्बमुळे. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर. जगभर घराघरात तो गेला तसा स्वस्त झाला. आपल्याकडे 2015 साली उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला होता. या लाटेवर पांढरा एलईडी झाडांच्या रॅकवरही आला. त्यात हिरवा आहे, निळा आहे, थोडा लाल आहे. वरून 660 चे काही लाल ठिपके जोडले की काम झालं. म्हणूनच आज चांगल्या संशोधन चेंबरमध्ये गेलात तर उजेड बराचसा पांढरा, किंचित गुलाबी झाक असलेला दिसेल. 10 ऑगस्ट 2015 रोजी अवकाश स्थानकावर अंतराळवीरांनी खाल्लेल्या लेट्यूसच्या 'व्हेजी' पेटीतही लालनिळ्याबरोबर हिरवे एलईडी होतेच. जांभळा उरलाय तो मुख्यतः जाहिरातीत.

तुमच्या बजेटमध्ये हा पांढरा पर्याय बसतो, तो घ्या. फक्त एका रॅकवर लाल-निळा आणि दुसऱ्यावर पांढरा लावून 'प्रत्येकी 30 रोपं' असं लिहू नका. रॅक दोनच आहेत, तर तुमचा 'एन' प्रत्येकी एकच आहे. रोपांची संख्या वाढवून तो वाढत नाही. प्रयोग पुन्हा लावा, दिवे अदलाबदल करून लावा. आणि पानाचं तापमान नोंदवा, नाहीतर बेलीच्या काचेसारखं होईल. परिणाम कशाचा, कळणारच नाही.

700 च्या पलीकडे

गोष्ट इथे संपत नाही, कारण 400 ते 700 ही मॅक्रींची चौकटच आता हलते आहे. रॉबर्ट एमर्सन यांनी 1943 मध्ये लुइस यांच्यासोबत क्लोरेला शेवाळावर पाहिलं होतं की 680 नॅनोमीटरच्या पुढे प्रकाश शोषला तर जातो, पण त्यातून काम होत नाही. 1957 मध्ये त्यांनीच दाखवलं की त्या निरुपयोगी फार-रेडसोबत कमी तरंगलांबीचा प्रकाश दिला, तर दोघांचं मिळून काम वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा जास्त होतं. दोन प्रकाशप्रणाल्या एकामागोमाग काम करतात, या कल्पनेचं एक मूळ इथे आहे. एमर्सन 1959 मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्याकडे शिकायला अलाहाबादहून गेलेले गोविंदजी यांनी पुढे हा धागा आयुष्यभर चालवला. त्यांचे इतिहासपर लेख मिळतील तेवढे वाचा, संशोधकांची माणूस म्हणून ओळख होते.

मॅक्रींनी एका वेळी एकच रंग टाकल्यामुळे फार-रेड त्यांच्या आलेखात नापास झाला, आणि व्याख्या 700 ला थांबली. 2020 मध्ये झेन आणि बग्बी यांनी 14 पिकांवर फार-रेड बाकीच्या प्रकाशासोबत मिसळून दिला, तेव्हा 700 ते 750 चे फोटॉनही इतरांइतकेच कामाला आले. म्हणून सीमा 750 पर्यंत न्यावी असं त्यांचं म्हणणं आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. फार-रेड पानं आणि खोड ताणतो, म्हणजे अन्न आणि निरोप इथे पुन्हा एकमेकांत मिसळतात, आणि वाढलेल्या पानांमुळे प्रकाश जास्त पकडला गेला की फोटॉन खरंच कामाला आला, हे पूर्ण झाडावर वेगळं काढणं अवघड आहे.

750 पर्यंत मोजणारे सेन्सर आता मिळतात. तुमच्या विभागातल्या कपाटात असलेला सेन्सर बहुधा जुना असेल आणि 700 ला थांबत असेल. दिव्यात फार-रेडचे ठिपके असतील तर तो ते मोजणारच नाही, आणि तुमच्या तक्त्यात दोन दिवे 'समान तीव्रतेचे' दिसतील. सेन्सरच्या माहितीपत्रकात त्याच्या प्रतिसादाचा आलेख दिलेला असतो, तो एकदा उघडून बघा.